टाकीखालचं कीर्तन

१

काल्याच्या दिवशी सकाळी शिरसपूरच्या नळांना पाणी आलं आणि आलं तसं गेलं. बायकांच्या घागरी अर्ध्यामुर्ध्या भरल्या होत्या. मांडवामागे महाप्रसादाच्या भाताचं आधण ठेवायचं होतं, डाळ अजून धुवायची होती. तोटीतून आधी नुसती हवा फुसफुसली, मग दोन थेंब, मग काहीच नाही.

तेवढ्यात कळलं, की लाईट गेली आहे. पण लाईट जाण्याची शिरसपूरला काय नवलाई? लाईट गेली तरी चौकातल्या डमरूच्या पोटात गावाला दुपारपर्यंत पुरेल एवढं पाणी असायचं आणि ते आपल्या वजनानं आपलं आपण खाली यायचं. त्यासाठीच तर टाकी एवढ्या उंचावर बांधली होती.

डमरू म्हणजे जलभवन. गावाच्या अगदी मध्यभागी, लिंबाच्या झाडांना मागे टाकून उभी असलेली गोल, बिनकोनाची, उघड्या सिमेंटची इमारत. खाली गोल सभागृह, त्याच्या भिंती म्हणजे नक्षीदार सिमेंटची जाळी, मध्ये बारीक कंबर, आणि वर पुन्हा पसरत गेलेली टाकी. साठ-बासष्टच्या सुमारास ती बांधली तेव्हा लोक हसले होते. महादेवाच्या हातातून डमरू पडला म्हणाले, आणि तेच नाव चिकटलं. पाणीपट्टीच्या खिडक्या त्या सभागृहात, पंपाची खोली त्याला लागून, तिला एक दार आत सभागृहात आणि एक चौकात. आत भर चैत्रातही माठासारखं गार असायचं, म्हणून सालोसाल हरिनाम सप्ताह तिथेच बसायचा.

सप्ताह कमिटीचे अध्यक्ष दत्तराव आतल्या जिन्यानं वर चढले. थोड्या वेळानं वरच्या गच्चीच्या कठड्यावरून त्यांचं डोकं दिसलं.

"टाकी कोरडी ठाक हाय!" दत्तराव ओरडले. "काल भिंतीवरचा काटा टाकी भरल्याचा दाखवत होता, सगळ्या गावानं बघितला. कुणीतरी पाणी सोडून दिलंय! किल्ल्या कुणाकडं हायत? सकाळपासून ड्यूटीवर कोण हाय?"

नाव घ्यायची गरजच नव्हती. चौकातल्या सगळ्या माना पंपाच्या खोलीकडे वळल्या. दारात पाना हातात घेऊन लिंबाजी उभा होता. बौद्धवाड्यातला लिंबाजी.

"काल्याच्या दिवशीच बरं सुचलं याला!" कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं परभणीच्या मोर्च्याचं नाव काढलं. तिसऱ्यानं नामांतराचं. आणि मग माणसं पुढे सरकायला लागली.

सभागृहात सगुणाबाई काल्यासाठी तुळशीचे हार ओवत बसल्या होत्या. प्राथमिक शाळेच्या हेडबाई म्हणून रिटायर झालेल्या, कीर्तनाच्या एवढ्या वेड्या की शेजारच्या गावात टाळ वाजले तरी यांचे पाय निघायचे. जाळीतून त्यांनी ती गर्दी पाहिली. हातातली सुई तशीच पदराला टोचून त्या उठल्या, पंपाच्या दारातून लिंबाजीची कॉलर धरली, तिसरीत असताना धरायच्या तशीच, आणि त्याला आत ओढून त्या दाराला आतून अडसर घातला. सभागृहाचं लोखंडी ओढदार खर्रकन लावलं. कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली.

बाहेरून पहिला दगड दारावर आदळला.

२

आत पाच माणसं अडकली. बाई स्वतः, लिंबाजी, जिन्यावरून धापा टाकत उतरलेले दत्तराव, मृदंगाला फडक्यात गुंडाळत बसलेला माणिकराव, आणि खांबाला टेकून नेहमीच्या जागी बसलेले आबासाहेब.

माणिकराव हा लिंबाजीचा जोडीदार, पंपावरचा दुसरा माणूस. सप्ताहात मृदंग त्याचा. आबासाहेब रिटायर ओवरसियर. ही इमारत त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली होती. तरुणपणी त्यांनी तिच्या सिमेंटवर रात्रंदिवस गोणपाट ओलं करून टाकलं होतं, असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज घरच्या लेकराबद्दल बोलावं तसा व्हायचा.

"बाई, मला तरी बाहेर सोडा," दत्तराव म्हणाले.

"का रे दत्तू? टाकीवरून ओरडताना बरा घसा चालला होता. आता खाली बस. उघडलं तर तू बाहेर जाशील आणि ते आत येतील."

चौथीतल्या दत्तूसारखे दत्तराव खाली बसले.

पाणीपट्टीच्या कारकुनाच्या टेबलावर फोन होता. बाईंनी पोलीस ठाणं लावलं. फौजदार आणि बरीचशी माणसं परभणीला, नामांतराच्या मोर्च्याच्या बंदोबस्तावर. निरोप धाडतो, म्हणाला तिकडचा माणूस. केव्हा येतील सांगता येत नाही, दार उघडू नका.

दाराच्या जाळीत बोटं दिसायला लागली होती. कुणीतरी ओढदार हलवून बघत होतं. वरच्या रुळाचा एक खिळा आधीपासून ढिला होता, तो प्रत्येक हिसक्याला थोडा थोडा बाहेर यायचा.

"घाम पूस," बाई लिंबाजीला म्हणाल्या. त्यानं पुसला नाही. तो त्या खिळ्याकडे बघत होता.

"अठ्ठ्याहत्तरला आमच्या वस्तीच्या तोंडाशी असाच आवाज आला व्हता, बाई," तो हळू बोलला. "आधी असाच. मंग आग."

 त्या वेळी बाई गावातच होत्या आणि घराचं दार लावून माळ ओढत बसल्या होत्या. ते आठवलं की अजूनही त्यांच्या हातातली माळ मध्येच थांबायची.

"पाणी कुणी सोडलं ते कळल्याशिवाय हे दार उघडायचं नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आणि कळायचं ते इथंच, आपल्या पाचांतच कळेल. लिंबाजी, तू सांग."

"म्या काय सांगू? पूर्णेला भाचीचं लगीन व्हतं. मंगळवारी सकाळी गेलो, आज पहाटच्या गाडीनं आलो. माणिकरावकडनं ड्यूटी घेतली. पंप चालूच व्हता. घडीभरात लाईट गेली आन् नळ गेले. मी तर व्हॉल्व्हला हातबी लावला न्हाई."

"हे तूच म्हणायलास," दत्तराव म्हणाले. "साक्षीला कोण?"

"साक्षीला कोण असनार, दत्तराव? पंप आन् मी."

बाई माणिकरावकडे वळल्या. "आणि तू रे माणिक? हा नसताना सगळा आठवडा पंपावर तूच होतास?"

"मीच की, बाई. सकाळ-संध्याकाळ. जागचा हललो न्हाई." बोलताना त्यानं मृदंगाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

बाईंनी त्या गाठीकडे पाहिलं. संध्याकाळी नळाला पाणी असायचं तेव्हाच खाली हरिपाठ आणि कीर्तन चालायचं, आणि तेव्हा माणिकरावाची बोटं मृदंगावर असायची. सगळ्या गावासमोर. मग पंपावर कोण होतं?

"दत्तू, तुझंही ऐकू दे. ही इमारत पाडून इथं दुकानांचे गाळे काढा म्हणून गावभर सांगत फिरणारा तूच ना?"

दत्तराव ताडकन उठले. "म्हणून मी पाणी सोडीन? माझ्याच सप्ताहाच्या काल्याला? बाई, पंगतीला तीन गावं यायचीत, माझ्या तोंडाला शेण फासून घेऊ काय? वाटोळं सिमेंट हाय, काय कामाचं न्हाई, पाडा, असं म्हनतो मी, तोंडावर म्हनतो. आन् आत बसायचं न्हाई हे काय मी एकटाच म्हनलो का? मंगळवारी आबासाहेबच न्हवते का मागं लागले, कीर्तन बाहेर लिंबाखाली घ्या, आत लय उकडतं म्हणून? सगळे हसले. आता हसा म्हनावं."

आबासाहेब डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते उघडले नाहीत.

बाहेर कुणीतरी मोठा धोंडा उचलला. तो दारावर बसला नाही. वर, टाकीच्या पोटावर बसला.

३

आणि सगळं सभागृह घुमलं.

आवाज वरून आला, छताला धरून गोल फिरला, खांबाखांबातून उतरला आणि जमिनीतून पायांत शिरला. घुम्म्म. मोठ्या रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा. 

सगुणाबाई जागच्या जागी थांबल्या. हा आवाज त्यांनी ऐकला होता. दगडाचा नाही, पण हाच. गेले काही दिवस रोज ऐकला होता आणि डोळे मिटून, गाल ओले करून ऐकला होता.

यंदा कीर्तनाला पालमचे बन्सीधरबुवा होते. सोमवारी पहिलं कीर्तन झालं ते चांगलं झालं, पण साधंच. मंगळवारीही तसंच. बुधवारपासून मात्र काय झालं कुणास ठाऊक, बुवांनी नुसता आलाप घेतला की तो सभागृहभर घुमत राहायचा. एक शब्द संपून दुसरा निघाला तरी पहिला अजून छताखाली रेंगाळत असायचा. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आजवर इतकी कीर्तनं इथं झाली, पण असा घुमार कुणाला लागला नाही, यंदा माउलीच बुवांच्या मुखानं बोलायलीय, असं लोक म्हणाले. सगुणाबाईंनी तर ते गल्लीतल्या घराघरात जाऊन सांगितलं होतं.

"माणिक," बाई म्हणाल्या, "मृदंग काढ."

"आता?"

"काढ म्हणते ना."

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापतात, त्यानं त्या बाजूला खर्ज लागतो. माणिकरावाच्या मृदंगावर कणकेचा नुसता ठसा राहिला होता, रुपयाएवढा.

"एवढीशीच कणीक? तू तर तळहाताएवढी थापणारा माणूस. बुवा निरूपण सांगत असताना मागं बसून तू नखानं कणीक खरडत होतास, मी पाहिलं. मला वाटलं, ह्याचं भजनात लक्ष नाही. का खरडत होतास?"

"लय घुमायला लागला, बाई. थाप मारली की आवाज संपायचंच नाव घेईना, ताल ताला‌त मिसळायला लागला. मला वाटलं कणीकच जास्त ओली झाली. रोज थोडी थोडी कमी केली. तरी घुमायचाच."

"कधीपासून?"

"बुधवारपासून. सोमवारी, मंगळवारी बराबर व्हता."

बाईंनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आपण सगळे खुळे रे! डोक्यावर पाण्यानं भरलेली टाकी असली की ती आवाज गिळते. भरलेल्या घागरीवर टिचकी मारून बघा आणि रिकामीवर मारून बघा. इतकी वर्षं भरल्या टाकीखाली बसून कीर्तन ऐकलं, म्हणून हा घुमार कधी ऐकलाच नव्हता. बुधवारी टाकी रिकामी झाली, आणि आपण म्हणालो माउली बोलायली. मीही म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणाले."

दत्तरावांना ते पटेना.

"पन नळाला तर रोज पाणी व्हतं, बाई!"

"ते पुढं बघू. आधी मी म्हणते ते खरं का खोटं ते ठरू दे. दत्तू, मघाशी वर जाऊन तू काय पाहिलंस?"

"झाकण उचललं, डोकावलो, पाणी न्हवतं."

"उतरलास का आत?"

"न्हाई."

"मग आता बॅटरी घे आणि शिडीनं तळापर्यंत उतर. आज पहाटे लिंबाजीनं पाणी सोडलं असेल तर तळचा गाळ ओला असेल, बोट रुतेल. बुधवारपासून टाकी कोरडी असेल तर या उन्हात तो गाळ भेगाळून पापडासारखा झाला असेल. जो ओरडला त्यानंच बघावं. मी सांगितलेलं बाहेर कुणी ऐकणार नाही, तुझं ऐकतील."

दत्तराव गेले. दाराचा खिळा आणखी बोटभर बाहेर आला. लिंबाजी उठला आणि पाठ लावून दाराला टेकून उभा राहिला, आतून. माणिकराव क्षणभर बघत बसला, मग मृदंग बाजूला ठेवून त्याच्या शेजारी उभा राहिला.

जिन्यावर पावलं वाजली. दत्तराव खाली आले तेव्हा त्यांच्या हातात काळ्या, वाळलेल्या गाळाची खपली होती. त्यांनी ती चिमटीत धरली. तिचा भुगा झाला.

"काट्याची तार वर कप्पीपाशी बांधून टाकलीय," ते म्हणाले.  "टाकी रिकामी असो का भरलेली, काटा भरल्यावरच राहनार. आन् बाई... तळाला भेग हाय. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

४

"आता पंपावर संध्याकाळी कोण बसायचं ते सांग, माणिक," सगुणाबाई म्हणाल्या. "नोकरीची काळजी नंतर कर."

माणिकरावाची मान खाली गेली. "मला दरसाल मृदंगाची ओढ, बाई. तर ते म्हनाले, जा तू, वाजव, पंपाकडं मी बघतो. उत्सव हाय, पाणी लय लागतं, नळाच्या वेळेला पंप बंद करू नको म्हनाले. मी आपलं तेवढंच ऐकलं."

'ते' कोण हे त्यानं सांगितलं नाही. पण त्याची नजर खांबाकडे गेली.

सगुणाबाई खांबापाशी गेल्या आणि आबासाहेबांसमोर खाली बसल्या. कीर्तनाला कितीतरी वर्षं हे दोघं शेजारी शेजारी बसायचे.

"मंगळवारी तुम्ही कीर्तन बाहेर घ्या म्हणून हट्ट धरलात. आत उकडतं म्हणालात. बुधवारपासून मात्र तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एका दिवसात इथला उकाडा कमी झाला का, आबासाहेब? आणि सगळं गाव बुवांच्या घुमाराचं कौतुक करत होतं, तेव्हा तुम्ही एकटे गप्प होतात. मला वाटलं, यांचा कान गेला. तुमचा कान गेला नव्हता. हा आवाज कशाचा, हे तुम्हाला एकट्याला ठाऊक होतं."

आबासाहेबांनी डोळे उघडले. ते छताकडे बघत होते.

"मंगळवारी दुपारी तिथं ओल दिसली," ते म्हणाले. "तळहाताएवढी. मी ओळखलं. खाली एवढी माणसं बसणार, लेकरं बसणार. बाहेर चला म्हणालो, कुणी ऐकलं नाही. भेग आहे म्हणून सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी यानं," त्यांनी दत्तरावांकडे बोट केलं, "पाडायला माणसं आणली असती. म्हणून मंगळवारी संध्याकाळी आणि बुधवारी सकाळी टाकीतलं पाणी गावालाच पाजलं. एक थेंब वाया नाही घालवला. फक्त परत भरलं नाही, आणि काट्याची तार बांधून टाकली. पंपाचं पाणी टाकीत न चढवता थेट नळाला सोडायचा एक जुना व्हॉल्व्ह फरशीखाली आहे. बांधताना मीच बसवला. या पोरांना तो ठाऊकसुद्धा नाही. वाटलं, सप्ताह उरकला की रात्रीतून भेग बुजवू. कुणाला कळणार नाही. लाईट जाईल आणि पंप बंद पडेल, हे डोक्यातच आलं नाही."

"हे सगळं समजण्यासारखं आहे," बाई म्हणाल्या. "माणसांच्या जिवासाठी टाकी रिकामी केलीत, देव ते बघेल. पण मघाशी दत्तू वरून ओरडला. तुम्ही इथं बसला होतात. लिंबाजीवर माणसं धावली. तुम्ही इथंच बसला होतात. दगड आले. तरी तुम्ही इथंच."

"मी बोललो तर इमारत जाईल."

"तुमी बोलला न्हाईत तर मी जाईन," लिंबाजी दारापासून म्हणाला.

त्याचा आवाज चढला नव्हता. पण सभागृहानं तो उचलला, आणि ते वाक्य छताखाली गोल फिरून परत आलं.

"आबासाहेब," तो पुढे म्हणाला, "ही इमारत तुमच्याएवढीच माझी हाय. आधी बारव व्हती तवा आमचा बाप दूर हुबा ऱ्हायचा, कुणी ओतलं तर ओतलं. हितं नळ झाले तवा पयल्यांदा तो सगळ्यांच्या रांगेत हुबा ऱ्हायला. घरी आला तर घागर डोक्यावरनं उतरवंचना, गल्लीभर हिंडला. म्हणून मी ही नोकरी धरली. मलाबी ती पाडलेली नगं. पन तिच्यापायी मला बाहेर टाकू नगा."

आबासाहेबांनी उठायला हात टेकले. पण उठता येईना. माणिकरावानं हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला, खांबाला धरून स्वतःच उभे राहिले.

"किल्ली द्या, बाई."

"मी सांगू का त्यांना?" दत्तराव पुटपुटले.

"नाही. आधी मी. मग तू," आबासाहेब म्हणाले. "तू ओरडलास ते तुला परत घ्यायचंच आहे."

५

बाईंनी ओढदार माणूस जाईल एवढंच सरकवलं. आबासाहेब बाहेर पायरीवर गेले, मागोमाग दत्तराव, वाळक्या गाळाचा भुगा मुठीत धरून. बाईंनी दार पुन्हा लावलं. कुलूप घातलं.

आतून नीट ऐकू येत नव्हतं. म्हाताऱ्याचा आवाज पातळ होता आणि उघड्या चौकात तो उचलून धरायला छत नव्हतं. पण गर्दी हळूहळू शांत होत गेली ते कळत होतं. मधेच कुणीतरी शिवी हासडली. मग दत्तराव बोलले, मोठ्यानं: "मी न बघता ओरडलो. लिंबाजीनं हात लावला न्हाई. चूक माझी हाय." ते त्यांना तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा हातातला धोंडा कुणीतरी खाली टाकल्याचा आवाज आला.

"जा आता," बाई लिंबाजीला म्हणाल्या. "काही करणार नाहीत."

लिंबाजी हलला नाही. "आज तुमी व्हतात, बाई. म्हणून दार लागलं."

उद्या कोण असणार, हे तो बोलला नाही, पण बाईंना ते ऐकू आलं. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"दार तुझं. तुला वाटेल तेव्हा उघड. आज, नाहीतर फौजदार आल्यावर. मी आणि माणिक बाहेर जातो, आमच्यामागं कुलूप लावून घे."

लाईट दुपारी आली. लिंबाजीनं आतूनच पंप चालू केला आणि नळांना पाणी सुटलं. डाळ शिजली, भात झाला. काल्याचं कीर्तन यंदा बाहेर, लिंबाच्या झाडाखाली उभं राहिलं. टाकीखाली बसायला आता कुणी तयार नव्हतं. आबासाहेब गर्दीच्या मागे, एकटे बसले. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथं थोड्या वेळानं सगुणाबाई जाऊन बसल्या. 

बन्सीधरबुवांनी आलाप घेतला. आवाज घुमला नाही. उघड्या हवेत तो साध्या, दमलेल्या माणसाचा आवाज होता, मध्येच वारा आला की अर्धा शब्द उडून जायचा. माणिकरावानं तळहाताएवढी कणीक थापली होती आणि प्रत्येक थाप तिथल्या तिथं, वेगळी ऐकू येत होती. बुवा कृष्णाच्या काल्याचं सांगत होते, कुणाचीही शिदोरी सगळ्यांच्या शिदोरीत कशी मिसळायची ते. हे सगुणाबाईंनी आयुष्यभर ऐकलं होतं. आज त्यांचे डोळे मिटेनात. त्या लोखंडी दाराकडे बघत होत्या.

दहीहंडी फुटायच्या बेतात होती. टाळ एकदम वर गेले, आणि त्या टाळांच्या गजरात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असा, कुलूप उघडल्याचा आवाज बाईंनी ऐकला.